‘समुपदेशना’तला उपदेश कसा काढायचा? नव्या समुपदेशकासाठी, पहिल्या फोनपासून निरोपापर्यंत

आमच्या व्यवसायाच्या नावातच घोटाळा आहे. ‘समुपदेशन’ या शब्दातला ‘सम्’ काढला की मागे नुसतं ‘उपदेशन’ उरतं, आणि समोरचा माणूस बहुतेक वेळा तेच ऐकायच्या तयारीने येतो. पुण्यात सल्ल्याचा तुटवडा कधीच नव्हता. रिक्षा कुठल्या रस्त्याने न्यावी इथपासून मुलीने कुठली शाखा घ्यावी इथपर्यंत तो फुकट आणि न मागता मिळतो. मग तासाचे पैसे मोजून माणसाने तो आपल्याकडे का घ्यायला यावं?

नुकतंच मानसशास्त्रात एम.ए. किंवा समुपदेशनाचा डिप्लोमा करून कामाला लागलेल्यांसाठी हे लिहितेय. क्लायंट म्हणून जाणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. आपल्यासमोर बसलेली बाई नक्की काय करतेय ते कळेल.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसणारा मुलगा माझ्याकडे आला होता. (या लेखातल्या सगळ्याच माणसांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेत.) एमपीएससीची पूर्व परीक्षा तिसऱ्यांदा हुकली होती. कॉट बेसिसवर राहायचा, मेसमध्ये जेवायचा, गावाकडे दोन एकर कोरडवाहू जमीन. मी चाळीस मिनिटांत त्याला वेळापत्रक, प्राणायाम, प्लॅन बी आणि बी.एड.चा पर्याय एवढं सगळं देऊन टाकलं. तो प्रत्येक वाक्याला ‘हो मॅडम’ म्हणाला, निघताना वाकून नमस्कार केला आणि परत कधी आला नाही. मोठ्यांसमोर बसलेल्या मुलाची बोलणं आटोपतं घ्यायची ती सभ्य रीत असते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

ज्या पद्धतीबद्दल लिहितेय ती ‘क्लायंटकेंद्री’ म्हणवते: सल्ला देण्याऐवजी क्लायंटचं नीट ऐकायचं आणि वाट त्यालाच शोधू द्यायची. तिचे जनक, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनाही हे ठेच लागूनच कळलं. अमेरिकेत रॉचेस्टरला मुलांच्या केंद्रात काम करत असताना एका दांडगट मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. ‘मुलाचा त्रास तुमच्या त्याला झिडकारण्यातून आलाय’ हे त्यांनी तिला परोपरीने दाखवून पाहिलं. काही हललं नाही. दोघांनी थांबायचं ठरवलं, ती दारापर्यंत गेली आणि वळून विचारलं, ‘इथे मोठ्या माणसांनाही घेता का?’ मग परत खुर्चीत बसून तिने स्वतःच्या संसाराचं सांगायला सुरुवात केली, आणि खरं काम तिथून सुरू झालं. पुढे १९५७ च्या एका लेखात रॉजर्सनी माणूस बदलायला काय लागतं त्याच्या सहा अटी मांडल्या. त्यातल्या तीन समुपदेशकाने पाळायच्या: समानुभूती (समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घेणं), विनाअट स्वीकार आणि आतबाहेर एक असणं. परीक्षेत या तिन्हींवर टिपा लिहून आपण मार्क मिळवलेले असतात. अडतं ते खुर्चीत बसल्यावर.

पहिला फोन: क्लायंट कोण, हे ठरवा

‘मुलीला जरा समजावून सांगा हो, आमचं ऐकतच नाही.’ फोन आई करते, फी वडील देणार असतात आणि येणारी मुलगी चोवीस वर्षांची असते. इथे ढिलाई केलीत तर पुढची दहा सेशन्स तुम्ही आईच्या बाजूने बसलेले असाल. मी साधारण असं म्हणते: ‘काकू, काळजी कळतेय तुमची. पण ती सज्ञान आहे, तेव्हा तिने स्वतः फोन केला तर बरं. आणि ती इथे काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही. तिनेच सांगितलं तर गोष्ट वेगळी.’ काही फोन इथेच संपतात. संपू द्या.

मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकांची संमती लागते. घरी काय सांगायचं आणि काय नाही, हे त्या मुलासमोरच पालकांशी ठरवून घ्या.

कधी कधी काकूंचाच आवाज फोनवर कापत असतो. मग रॉजर्सकडच्या त्या आईचा प्रश्न आपणच विचारायचा: ‘तुम्ही स्वतः याल का एकदा?’

खोली

याचं फार अवडंबर नको. दोन खुर्च्या किंचित तिरक्या, दोघांनाही मान न वळवता दिसेल असं घड्याळ, दार नीट लागणारं. पुण्यात जो भेटतो तो कुणाचा तरी मावसभाऊ निघतो, म्हणून दोन अपॉइंटमेंटमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. जिन्यात गाठ पडायला नको. ऑनलाइन असाल तर ‘आत्ता कुठे बसलायत, कोणाला ऐकू जातंय का?’ हे आधी विचारा. माझा एक क्लायंट वर्षभर हिंजवडीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलायचा. वन बीएचकेमध्ये त्याला तेवढीच जागा होती.

पहिली दहा मिनिटं

वेळ, फी, रद्द करायचं असल्यास किती आधी कळवायचं, हे तोंडी सांगा आणि कागदावरही द्या. विद्यार्थ्याला फी झेपत नसेल तर आकडा तिथेच कमी करा. उपकार केल्यासारखं वाटू देऊ नका, म्हणजे त्यालाही आपल्यावर चिडायची मोकळीक राहते.

गोपनीयता मात्र शब्दाशब्दाने सांगायची. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मानसिक आजार असलेल्या माणसाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि तिचे अपवादही सांगतो. त्या कायद्याच्या व्याख्येत तुमचा क्लायंट बसो न बसो, आपण तेच पथ्य पाळायचं. माझं वाक्य असं असतं: ‘इथलं बोलणं इथेच राहतं. तीन वेळा मला ते बाहेर न्यावं लागेल. तुमच्या जिवाला धोका वाटला तर, तुमच्याकडून दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका वाटला तर, आणि अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. ते पोक्सो कायद्याने कळवावंच लागतं. तशी वेळ आली तर आधी तुमच्याशी बोलेन.’

मग ‘तू’ की ‘तुम्ही’. इंग्रजी पुस्तकांत हा प्रश्नच नाही, म्हणून आपल्याला कोणी शिकवत नाही. मी कॉलेजच्या पोरांनाही आधी ‘तुम्ही’च म्हणते. ‘मॅडम, अरे-तुरे करा ना, कसंतरीच वाटतं,’ असं तो म्हणाला तर ‘तू’वर येते. न विचारता ‘अरे’ म्हटलं की आपण आत्याच्या खुर्चीत जाऊन बसतो, आणि आत्याला खरं कोण सांगतं? तो तुम्हाला ताई म्हणेल, मॅडम म्हणेल, म्हणू द्या. फक्त ‘ताई’ म्हणणाऱ्याची मोठ्या बहिणीने कान धरावा अशी अपेक्षा असू शकते, एवढं ध्यानात असू द्या.

‘टेन्शन’ उलगडणं

‘काय प्रॉब्लेम आहे?’ असं विचारलं की माणूस प्रॉब्लेम शोधून देतो. ‘बोला, कुठूनही सुरू करा,’ एवढं पुरतं. बहुतेकांचा पहिला शब्द ‘टेन्शन’. या एका शब्दात भीती, लाज, राग, वैताग, एकटेपणा सगळं कोंबलेलं असतं. शब्दांची आपल्याकडे वाण नाही: कानकोंडं होणं, हिरमुसणं, घुसमट, धास्ती, चडफड, मन न लागणं, जीव वर-खाली होणं. पण ते क्लायंटच्या तोंडून यायला हवेत. आपण हातात शब्द दिला की भिडस्त माणूस तो मुकाट्याने घेतो.

त्या पहिल्या मुलानंतर काही वर्षांनी तशाच परिस्थितीतला दुसरा आला. वय सत्तावीस, पाचवा अटेम्प्ट गेलेला.

‘टेन्शन आहे मॅडम.’

‘हं. टेन्शन आलं की कसं होतं?’

‘कसंतरीच होतं.’

‘कुठे?’

त्याचा हात छातीकडे गेला. ‘इथं. रविवारी जास्त.’

‘रविवारी.’

‘रविवारी घरून फोन येतो.’

मी काहीच बोलले नाही. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायला किका मारत होतं. ती सुरू होऊन निघून गेली, तरी तो गप्प होता.

‘वडील निकालाचं विचारत नाहीत. नुसतं म्हणतात, जेवला का?’

‘जेवला का.’

‘लाज वाटते मॅडम. विचारत नाहीत, त्याचीच लाज वाटते.’

इथे नवा समुपदेशक हमखास म्हणतो, ‘अहो, लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात!’ हेतू चांगला असतो, पण पाच वर्षांनी सापडलेला शब्द आपण त्याच्याकडून काढून घेतो. मी म्हटलं, ‘रागावले असते तर सोपं गेलं असतं.’

त्याने मान वर केली. ‘हो.’

‘हो मॅडम’ नव्हे, नुसतं ‘हो’. तेवढ्यावरून मला कळलं की नेम बरोबर लागलाय.

यातली कारागिरी बघा. दोनदा मी त्याचाच शब्द परत दिला, ‘रविवारी’ आणि ‘जेवला का’, प्रश्नचिन्हाशिवाय. एकदा गप्प राहिले. आणि एकदाच, त्याने सांगितलेल्याच्या अर्धं पाऊल पुढचं बोलले. प्रतिबिंबन म्हणून क्लासमध्ये शिकवतात ते हेच. फक्त प्रत्येक वाक्य ‘म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की…’ने सुरू करायची सवय लावून घेऊ नका; तिसऱ्या वेळी समोरच्याला पोपट दिसायला लागतो. ‘कंटाळलाय जीव.’ ‘दोन्हीकडून ओढाताण.’ ‘सांगायचं कुणाला?’ आपल्या भाषेत कर्त्याशिवाय वाक्य उभं राहतं, त्याचा उपयोग करा.

आपलं चुकलं तरी बिघडत नाही. ‘राग आलाय तुम्हाला’ असं तुम्ही म्हणता आणि ती म्हणते, ‘राग नाही हो, वीट आलाय.’ तिने दुरुस्त केलं, म्हणजे ती स्वतःकडे नीट बघतेय. लगेच आपला शब्द सोडा आणि तिचा धरा.

शांततेची सवय वेगळी करावी लागते. घरी घड्याळ लावून तीस सेकंद काही न बोलता बसून बघा, केवढी वाटतात ती. क्लायंट खाली बघत असेल, ओठ हलत असतील, तर तो कामात आहे. तो तुमच्याकडे घाबरून बघत असेल तर मात्र ताणू नका. ‘वेळ घ्या, घाई नाही,’ म्हणा.

आधार देणं, आणि ‘तुम्हीच सांगा’

आधार म्हणजे कौतुक, असा घोळ फार होतो. ‘तुम्ही किती खंबीर आहात’ असं ऐकलेली बाई पुढच्या वेळी रडत नाही. तुमच्यासाठी खंबीर राहते. ‘सगळं ठीक होईल’ हे तर आपल्याला माहीतच नसतं. त्याऐवजी डोळ्यांना दिसलं तेवढंच बोला: ‘सासूबाईंचं सगळं करून, दोन बस बदलून धायरीहून इथवर आलात.’ यात विशेषण एकही नाही, पण ते ऐकून माणूस थोडा सैलावतो.

मग हटकून येणारा प्रश्न: ‘मॅडम, तुम्हीच सांगा, मी काय करू?’ यावर ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं उलट विचारणं क्लायंटकेंद्री दिसतं, ऐकणाऱ्याला मात्र कोडगं वाटतं. मी प्रश्न उडवून लावत नाही. ‘माझ्याकडे उत्तर असतं तर दिलं असतं. सोडायचं की आणखी एक अटेम्प्ट द्यायचा, यातलं काहीही मी सांगितलं तरी रविवारचा फोन तुम्हालाच घ्यायचाय. दोन्ही वाटा इथे बोलून बघू.’ मग तसं खरोखर करायचं. प्रत्येक वाटेवर पाच-पाच मिनिटं, त्या वाटेवरचा रविवार कसा असेल ते त्याच्याच शब्दांत.

माहिती दडवणं मात्र निराळं. नवरा मारतोय म्हणून आलेल्या बाईला २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतात, राहत्या घराचा हक्क मागता येतो, हे सांगायलाच हवं. ‘ती स्वतः मार्ग शोधेल’ म्हणून गप्प राहणं हा हलगर्जीपणा. माहिती द्यायची, वापरायची की नाही ते तिने ठरवायचं, आणि तिने नाही वापरली तर तोंड पाडायचं नाही. शेवटचं सगळ्यात जड जातं.

स्वीकार कुठे टोचतो

दुःखी आणि नम्र माणसाचा विनाअट स्वीकार कोणीही करील. ज्याने बायकोवर हात उचलला तो समोर बसून ‘तिनेच चिडवलं’ म्हणतो, किंवा मुलीच्या आंतरजातीय लग्नाने ‘आमचं नाक कापलं’ असं एखादी आई म्हणते, तेव्हा आपल्या पोटात काय होतं ते बघा. स्वीकार माणसाचा असतो, कृतीचा नव्हे. ‘हात उचलला, हे मला मान्य नाही. उचलण्याआधीच्या मिनिटात तुमच्यात काय चाललं होतं, ते ऐकायचंय,’ अशी दोन्ही वाक्यं मी एकापाठोपाठ म्हणते. आतून धुमसत असताना चेहऱ्यावर कनवाळूपणा चढवला की लोकांना तो वास येतोच. एखाद्याशी हे जमतच नसेल तर सरळ दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवा, आणि ‘याला मी पुरी पडत नाहीये,’ एवढंच कारण द्या.

आपल्या हाताबाहेरचं

कान कितीही चांगला असला तरी काही ठिकाणी तो पुरत नाही. आवाज ऐकू येणं, रात्ररात्र झोप न लागताही उत्साहाने भारलेलं असणं, आठवडेच्या आठवडे अन्न न जाणं, अंथरुणातून उठताच न येणं: मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. औषध लिहिणं हे डॉक्टरचं काम आहे, त्यावर मत देणंही आपलं नाही. खासगी परवडत नसेल तर ससूनचा मानसोपचार विभाग आहे, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. दारू सोडवण्यासाठी १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘उद्यापासून एकदम बंद करा’ असं चुकूनही म्हणू नका. अचानक सोडल्याने फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

आत्महत्येबद्दल आडून विचारू नका. ‘तसलं काही मनात नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. सरळ विचारा: ‘जगणं नको वाटतं का? स्वतःला संपवायचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ आलं तर पुढे: कसं करायचं ठरवलंय, ते साधन हाताशी आहे का, कधी, आज रात्री सोबत कोण आहे. बेत ठरलेला आणि साधन जवळ असेल तर त्या माणसाला एकटं घरी पाठवायचं नाही. त्याच्याच समोर घरच्या माणसाला फोन लावा, साधन हलवायला सांगा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास आणि मराठीतही बोलते. हा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा. तातडीच्या वेळी ११२ किंवा १०८. ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने घरचे दवाखान्यात न्यायला कचरतात. त्यांना सांगा, २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं, आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी मानतं.

चप्पल घालता घालता

माझ्याकडे सत्र पन्नास मिनिटांचं असतं. चाळिसाव्या मिनिटाला मी ‘आपल्याकडे दहा मिनिटं आहेत,’ असं म्हणते. तरीही सगळ्यात मोठी गोष्ट दारात निघते. एक पाय चपलेत, हात कडीवर, आणि: ‘अजून एक होतं… जाऊ दे, पुढच्या वेळी.’ तिथे पुन्हा बसवून घेतलंत तर पुढचा क्लायंट खोळंबतो. ‘पुढच्या वेळी बघू,’ म्हणून नुसतं वाटेला लावलंत तर ती गोष्ट परत येईलच असं नाही. मी म्हणते, ‘ऐकलं मी. गुरुवारी तिथूनच सुरू करू का?’ आणि दार लागल्यावर नोंदवहीत ते सगळ्यात वर लिहिते. ती दारातली गोष्ट जिवाशी खेळणारी असेल तर मात्र घड्याळ बाजूला ठेवायचं.

निरोपाची कुणकुण क्लायंटलाच आधी लागते. ‘या आठवड्यात विशेष काही नाही,’ असं दोन-तीनदा आलं की विषय काढा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने भेटा. तो सत्तावीस वर्षांचा मुलगा नऊ वेळा आला. त्याने सहावा अटेम्प्ट दिला की नाही, हे मला माहीत नाही. शेवटच्या भेटीत एवढंच सांगितलं की या रविवारी त्याने वडिलांना विचारलं, ‘तुम्ही जेवला का?’ पेढे आणले होते. पेढा मी घेते; शर्टपीस किंवा पाकीट असेल तर परत करते.

आपलं आपण ऐकणं

रॉजर्सनी १९४० च्या आसपास, तबकड्यांच्या जमान्यात, समुपदेशनाचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला घेतलं आणि १९४२ मध्ये एका क्लायंटबरोबरची अख्खी संभाषणं शब्दशः छापली. आपल्या खिशात फोन आहे. क्लायंटची लेखी परवानगी घ्या, नाव कुठेही येऊ देऊ नका, वीस मिनिटं रेकॉर्ड करा आणि ऐकताना आपलं प्रत्येक वाक्य लिहून काढा. समोर खूण करा: प्रश्न, सल्ला, धीर, की त्याचंच त्याला परत दिलेलं. मग सुपरव्हायझरसमोर, म्हणजे आपलं काम तपासणाऱ्या अनुभवी समुपदेशकासमोर बसा. सुपरव्हायझर नसेल तर आपल्यासारखे तिघे-चौघे गाठून महिन्यातून एकदा जमा, आणि काम झालं की रेकॉर्डिंग पुसून टाका.

एक गोष्ट वेगळी मोजा: ‘पण’. ‘कळतंय हो तुमचं, पण…’ माझ्या पहिल्या वीस मिनिटांत चौदा ‘पण’ निघाले होते. आता कमी झालेत. मागच्या महिन्यात मी तोंड उघडलं तेव्हा समोरच्या आजी म्हणाल्या, ‘पण म्हणणार होतीस ना? म्हण, म्हण.’